हिरोशी सेंजूंचा धबधबा: चित्र की नुसता ओघळलेला रंग?

ताम्हिणीकर (धागाकर्ता)

मंडळी, घरात एक पैज लागली आहे. निकाल तुम्ही लावायचा.

गेल्या महिन्यात कामानिमित्त जपानला गेलो होतो. लेक उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीही शेवटचे चार दिवस येऊन मिळाली. तिच्या हट्टापायी नाओशिमा नावाच्या बेटावर गेलो. तिथे गावातली जुनी घरं कलावंतांच्या ताब्यात दिली आहेत. त्यातलं एक इशिबाशी घर, पूर्वी मिठाच्या धंद्यात असलेल्या कुटुंबाचं. त्याच्या कोठारात हिरोशी सेंजू या चित्रकाराचं 'द फॉल्स' नावाचं प्रचंड चित्र आहे, २००६ सालचं. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे इथे डकवता येणार नाही.

काळोख्या जागेत आधी काही दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि समोरून पांढरं पाणी कोसळायला लागतं. खाली तुषार, वर काळं. मी खरोखर अर्धं पाऊल मागे सरलो. म्हटलं, 'काय धबधबा काढलाय!' तर ही म्हणते, 'बाबा, त्याने धबधबा काढलेलाच नाही. त्याने वरून रंग सोडला आणि तो खाली आला. धबधबा तुम्ही काढलात, तुमच्या डोक्यात. हे अमूर्त चित्र आहे.'

तिथून सुरू झालेला वाद फेरीबोटीत, विमानात आणि आता घरच्या जेवणाच्या टेबलावर चालू आहे. हरेल त्याने महिनाभर भांडी घासायची. हा धबधबा आहे की अमूर्त? आणि दुसरी शंका माझी: लोक याला पारंपरिक जपानी चित्रकला म्हणतात, ते कशाच्या जोरावर?

चिंगी

मी पयली! बाकी नंतर वाचते, कुकर लावलाय.

गवंडीदादा

आमच्या नव्या फ्लॅटला रंग देताना हॉलच्या भिंतीवर असेच ओघळ आले होते. मी रंगाऱ्याचे दोन हजार कापले. आता वाटतंय, फ्रेम करून घ्यायला हवं होतं.

सुमिदाकाठ

@ताम्हिणीकर, मी अकरा वर्षं तोक्योत आहे, शिवाय दोन हिवाळे निहोंगाच्या, म्हणजे पारंपरिक जपानी चित्रपद्धतीच्या, हौशी वर्गाला जाऊन बोटं निळी करून घेतली आहेत. तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचं उत्तर त्यातच दडलंय.

सेंजू १९५८ सालचे, तोक्योचे. तिथल्या कला विद्यापीठात निहोंगा शिकले, आता मुक्काम न्यूयॉर्कला. १९९५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांच्या धबधब्याला सन्मान मिळाला आणि नाव जगभर झालं. ते चित्र सुमारे १४ मीटर लांबीचं होतं. गिरगावातल्या चाळीतल्या चार खोल्या ओळीने धरा.

निहोंगा म्हणजे शब्दशः 'जपानी चित्र'. त्यात परंपरा विषयापेक्षा सामानात जास्त आहे. ट्यूबमधला रंग नाही. दगड दळून केलेली पूड असते: निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट. पांढरा रंग शिंपल्यांचा, त्याला गोफुन म्हणतात. आणि हे सगळं कागदाला चिकटवायला निकावा, म्हणजे आपला सरस. जनावरांच्या कातडी-हाडांचा. कागद हाताने केलेला, त्याला वाशी म्हणतात.

सगळ्यात मजेची गोष्ट रंगांच्या नंबरांची. एकच दगड वेगवेगळ्या जाडीला दळतात. ५ नंबर म्हणजे जाड रवा, १० म्हणजे बारीक रवा, १३ म्हणजे जवळजवळ मैदा. त्याहून बारीक असतं त्याला 'ब्याकु', म्हणजे पांढरा, म्हणतात. दगड तोच, पण जाड पूड गर्द निळी दिसते आणि बारीक केली की फिकी होत जाते. पहिल्या दिवशी मी पाच बरण्या बघून पाच वेगळे रंग समजलो होतो.

गोफुन तयार करणं तर दिव्य आहे. पूड खलात घोटायची, थेंबथेंब सरस घालून भाकरीच्या पिठासारखा गोळा मळायचा आणि तो गोळा ताटलीवर शंभर वेळा आपटायचा. खरंच शंभर. आमच्या बाई मोजायच्या. मी ऐंशीला थांबलो तर वाळल्यावर पांढऱ्याला भेगा गेल्या. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या ताटलीकडे बघून हसल्या.

सेंजू हाच सगळा पसारा वापरतात. फक्त कुंचल्याने रेघ ओढण्याऐवजी फळीवर ताणलेल्या वाशीवर गडद थर देतात, वरच्या कडेने पांढरा रंग सोडतात आणि त्याला खाली जाऊ देतात. तळाशी तुषार उडवायला फवाऱ्याची बंदूक. आता मला सांगा, यात परंपरा कुठे संपते?

कोपरखैरणे_लोकल

कागदाचं नाव वाशी??? मग पुठ्ठ्याला सानपाडा म्हणतात का?

चिंगी

आणि रद्दीला तुर्भे!

सुमिदाकाठ

मला वाटलंच होतं. अकरा वर्षांत भेटलेल्या प्रत्येक मुंबईकराने हा विनोद केलाय. 'निघालो वाशीला कागद आणायला.' चालू द्या.

खडूफळा

चौतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले, म्हणून चार शब्द.

इंटरमीजिएटच्या परीक्षेला आम्ही मुलांना एकच धाक घालायचो: ओघळ आला की मार्क गेले. कागद आडवा धरा, पाणी कमी घ्या, ब्रश झटका. एकदा स्मरणचित्राला 'पावसातील बाजार' विषय होता. एका मुलाने आकाश रंगवताना कागद उभा धरला, निळा रंग सगळ्या बाजारावरून खाली आला. छत्र्या, टोपल्या, माणसं, सगळं भिजलं. पोरगा रडायला लागला. मी त्याला दुसरा कागद दिला आणि पहिला फाडून टाकला.

धागा वाचल्यापासून तो कागद आठवतोय. पाऊस त्याच्याच चित्रात पडला होता हो.

ताम्हिणीकर

@खडूफळा बाई, हे वाचून लेक म्हणते, 'या आजींना माझ्या बाजूने मोजा.'

खडूफळा

अजून नको मोजूस म्हणावं. मी कुंपणावर आहे.

स्पष्टवक्ता_सातारा

णिषेध नोंदवायला आलोय.

सेंजूंची चित्रं मी हानेदा विमानतळावर पाहिली आहेत. छान आहेत, नाही कोण म्हणतो? पण माणूस १९९० च्या आसपासपासून धबधबेच काढतोय. देवळात धबधबा, विमानतळावर धबधबा, संग्रहालयात धबधबा, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात धबधबा. कधी काळ्यावर पांढरा, कधी निळा, कधी चमकणाऱ्या रंगांचा, म्हणजे अतिनील दिवा लावला की उजळतो. हा माझ्या मते शोध राहिला नाही, ठसा झाला. आणि ओतलेल्या रंगाचंच कौतुक असेल तर अमेरिकेत मॉरिस लुई हा चित्रकार १९५०-६० च्या दशकातच कॅनव्हासवर रंग ओतून मोकळा झाला होता. त्याला सरस आणि शिंपल्यांची गोष्ट जोडली की झाली 'परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम'. हा शब्दप्रयोग ज्या कॅटलॉगात दिसेल त्यात किंमत आधी बघावी.

अनवट

आता कोणीतरी येऊन 'गवई आयुष्यभर यमन गातो तेव्हा चालतं का' असं म्हणेल. वाट बघतोय.

मंद्रसप्तक

गवई आयुष्यभर यमन गातो तेव्हा चालतं का?

(अनवट, तुमच्यासाठी खास.) पण विनोद बाजूला. @स्पष्टवक्ता, लुईचा रंग आणि हा रंग वेगळे वागतात. लुईने पातळ केलेला रंग बिनलेपाच्या कापडात मुरवला, रंग आणि कापड एकजीव झाले. सेंजूंच्या कागदाला आधी सरस-तुरटीचा हात दिलेला असतो, बरोबर ना @सुमिदाकाठ? तिथे पांढरा कणाकणाने वर बसतो. म्हणून एक डाग वाटतो आणि एक पाणी.

सुमिदाकाठ

बरोबर. त्या लेपाला 'दोसा' म्हणतात. तुरटी कमी पडली तर रंग कागदात शिरून फुटतो, जास्त झाली तर कागद पुढे ठिसूळ होतो. सरसही ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. उन्हाळ्यात दोन दिवसांत वास मारायला लागतो. माझ्या बायकोने ती बरणी फ्रिजमध्ये दह्याशेजारी पाहिली आणि माझं निहोंगा शिक्षण संपलं.

शाकाहारी_चित्रकार

कातडी-हाडांचा सरस म्हणजे हे चित्र एकादशीला बघावं की नाही?

गवंडीदादा

उपासाला चालतं, वरीच्या तांदळाबरोबर.

डेक्कन_क्वीन_७१

थोडा इतिहास, कारण या गोष्टीत आपणही आहोत, तेही दोनदा.

'निहोंगा' हा शब्द फार जुना नाही. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य पद्धतीची तैलचित्रं आली, त्यांना 'योगा' म्हणू लागले (आसनांशी संबंध नाही), म्हणून बाकीच्याला नाव द्यावं लागलं. म्हणजे परंपरेला नाव मिळालं तेच आधुनिकतेशी गाठ पडल्यावर. ओकाकुरा तेनशिन या गृहस्थांनी तोक्योच्या कलाशाळेत हे उभं केलं, १८९८ मध्ये भांडून बाहेर पडले आणि स्वतःची संस्था काढली. त्यांचे शिष्य योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो यांनी बाह्यरेषाच काढून टाकली, नुसत्या रंगाच्या धूसर छटांनी हवा आणि धुकं रंगवू लागले. तेव्हाच्या टीकाकारांनी त्याला 'मोरोताइ' म्हणजे धूसर, गढूळ अशी शिवी दिली. आज आपण ज्याला अमूर्ताकडे झुकलेलं म्हणू, ती वाट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरातूनच निघाली होती. सेंजूंचं तळाचं धुकं बघताना मला ताइकान आठवतात, लुई नाही.

आता आपला संबंध. ओकाकुरा १९०२ मध्ये भारतात होते. त्यांच्या पाठोपाठ १९०३ मध्ये ताइकान आणि शुन्सो कलकत्त्याला ठाकुरांच्या वाड्यात आले. ताइकान ओल्या ब्रशने कागद भिजवतात हे अवनींद्रनाथांनी पाहिलं आणि पुढे सगळं चित्रच पाण्यात बुडवून काढायची पद्धत बसवली. बंगालचा तो प्रसिद्ध 'वॉश' तिथला.

दुसरा धागा थेट संभाजीनगर जिल्ह्यात. आराई कांपो नावाचे निहोंगा चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये आले आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्यांना तिथलं सामान परकं वाटलं नसणार. अजिंठ्याची चित्रंही ओल्या चुन्यातली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर पातळ पांढरा हात आणि त्यावर दगड-मातीचे रंग, खळीत कालवलेले. दुर्दैवाने जपानी चमूने नेलेल्या नकला १९२३ च्या भूकंपात गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत आणि जे. जे.च्या ग्रिफिथ्सच्या कितीतरी नकला १८८५ च्या आगीत जळाल्या होत्या. अजिंठ्याची नकल करू नये असा कुणाचा शाप आहे की काय कोण जाणे.

चिंगी

डेक्कनकाकू, दंडवत. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

स्पष्टवक्ता_सातारा

@डेक्कन_क्वीन, मोरोताइचा मुद्दा मान्य. पण तुम्हीच म्हणालात की ताइकान-शुन्सोंना शिवी मिळाली. सेंजूंना सन्मान, संग्रहालय आणि विमानतळ मिळालं. धोका कुणी पत्करला?

डेक्कन_क्वीन_७१

हा प्रश्न चांगला आहे आणि माझ्याकडे पटकन उत्तर नाही. उद्या लिहिते.

संत्राबर्फी

एवढा मोठा धागा झाला, निहोंगा झालं, अमूर्त झालं, अन् एकानेही गायतोंडेंचं नाव घेतलं नाही? आमच्या नागपूरचे वासुदेव गायतोंडे! जन्म १९२४. हा माणूस कुंचला बाजूला ठेवून रोलर अन् पॅलेट नाइफने रंग ओढायचा, कागदाचे तुकडे लावून रंग उचलायचा. झेनचं वाचन केलेला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ ला मोठं प्रदर्शन भरवलं. जपानी माणसाने केलं की चार पानं प्रतिसाद, अन् आपला माणूस दिल्लीत एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, बसून गप चित्रं काढत राहिला तर कोणाला पत्ता नाही.

म्हापशेकर

नागपूरचे कसे हो? आईवडील गोव्याचे. आडनाव बघा!

संत्राबर्फी

जन्म कुठे झाला ते बघा ना भाऊ.

गिरगावचा_गणपत

दोघेही शांत व्हा. वाढले गिरगावात चाळीत, शिकले जे. जे.त, १९४८ ला पदविका. गायतोंडे मुंबईचे. विषय संपला.

मंद्रसप्तक

विषय संपू नये, कारण संत्राबर्फींनी नकळत पैजेचा निकाल लावायचं साधन दिलंय. गायतोंडे स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणू देत नसत, 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत. फरक असा: अमूर्तात काहीतरी मूर्त होतं आणि तुम्ही ते गाळत गेलात. वस्तुनिरपेक्षात गाळायला आधी काही नव्हतंच. गायतोंडेंच्या चित्रात मला कधी समुद्र दिसला तर तो माझा गुन्हा, त्यांचा नाही. पण सेंजू चित्राला नावच 'धबधबा' देतात. गुन्हा कबूल आहे! ताम्हिणीकर, तुम्ही जिंकलात. भांडी लेकीकडे.

ताम्हिणीकर

लेकीचं उत्तर जसंच्या तसं: 'इंग्रजीत फॉल म्हणजे पडणंसुद्धा होतं. रंग पडला. नाव बरोबर आहे. भांडी बाबांकडे.'

अनवट

मुलीला वकिलीला घाला.

काळाकातळ

भूशास्त्रवाला आहे, चित्रातलं कळत नाही, तरी एक गोष्ट सांगायची राहवत नाही. धबधब्यांच्या सुमारासच सेंजूंची 'फ्लॅटवॉटर' नावाची एक मालिका आहे, हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीचा लाव्हा आणि त्यातलं पाणी बघून केलेली. काळा सपाट खडक आणि मधे संथ पाणी. किलाउएआचा लाव्हा थिजला की होतो बेसाल्ट, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. आपला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा कालपरवाचा, भावंडंच म्हणायची.

त्यामुळे ताम्हिणीकर, काळ्यावर पांढरं कोसळताना बघून तुम्ही मागे सरलात यात नवल नाही. आडनाव आयडीत घेऊन फिरताय! जुलैत ताम्हिणीत एसटीच्या खिडकीतून दिसतं ते हेच. कोरड्या वाळवंटातल्या माणसाला त्या कोठारात नेऊन विचारा काय दिसतं.

प्राजक्त_एडिसन

काळाकातळ +१. कोणाला काय दिसतं हे फार बदलतं. मला सेंजूंपेक्षा दुसरे निहोंगावाले जवळचे वाटतात, माकोतो फुजिमुरा. जन्म बोस्टनचा, १९६०, शिक्षण तोक्योला जाऊन निहोंगाचं, राहतात आमच्याच न्यू जर्सीत. त्यांच्याकडे नाव घ्यावं अशी वस्तूच नसते. मॅलाकाइट-अझुराइटचे थरावर थर, मधे सोनं. ते धर्माने ख्रिस्ती, बायबलमधल्या शुभवर्तमानांसाठीही त्यांनी चित्रं केली आहेत.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, निळा चौकोन आहे, चल. तो बूट काढून बाकावर बसला होता, पाय दुखत होते. म्हणून पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं. आणि हळूहळू त्या निळ्यात कण चमकायला लागले, डोकं हलवलं की वेगळे कण. वर सुमिदाकाठांनी जाड रव्याचं सांगितलं तेव्हा आज कळलं, ते दगडाचे कण होते, प्रत्येकाला बाजू असतात, म्हणून चमकतात. फोटोत यातलं काहीही येत नाही. फोटोत खरोखर निळा चौकोनच येतो.

सुमिदाकाठ

अगदी. आणि म्हणूनच गूगलवर चित्र बघून 'हे तर मीही करेन' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कारुइझावाला सेंजूंचं संग्रहालय आहे, २०११ चं, र्‍यूए निशिझावा या वास्तुकाराचं. तिथली जमीनच उताराची ठेवली आहे, जशी टेकडी होती तशी. मधे मोठाले काचेचे गोल अंगण, त्यात झाडं. चित्रांवर दिव्यांचे झोत मारत बसण्यापेक्षा बाहेरचा उजेडच आत येऊ देतात. ढग आला की धबधबा मंदावतो. मी गेलो तेव्हा एक आजोबा उतारावरून चालताना काठी टेकत टेकत प्रत्येक चित्रापुढे मान वाकवून पुढे जात होते, देवळात जातात तसे.

निळीपाखरं

देवळावरून आठवलं. कोयासान या पर्वतावरच्या कोंगोबुजी मंदिरात सेंजूंच्या ४४ फुसुमा आहेत, म्हणजे सरकती कागदी दारं. २०२० मध्ये अर्पण केली. त्यात धबधबा आहेच, पण दुसऱ्या दालनात कडे आहेत, उभे कातळकडे. ते ओतून केलेले नाहीत. कागद आधी चुरगाळला, मग रंग त्या सुरकुत्यांतून वाहू दिला. खडकाच्या भेगा कागदानेच काढल्या.

मी तिथे गेले ती चित्रांसाठी नाही. कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं होतं. वडिलांची फार इच्छा होती. पुतळ्यापाशी त्यांनी हार घातला, मग मंदिर बघायला गेलो. तिथल्या कबरस्तानात दगडांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं आहेत, वडील एकेक अक्षर बोटाने गिरवत 'हा अ, हा व' असं वाचायचा प्रयत्न करत होते. कड्यांच्या दारांपुढे ते बराच वेळ थांबले. वडील आयुष्यभर खडी फोडणाऱ्या कामगारांवर मुकादम होते. म्हणाले, 'याने दगड नीट पाहिलाय. फाटतो तो असाच.'

तुमचा मूर्त-अमूर्त वाद मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि बातम्या लावल्या.

खडूफळा

निळीपाखरं, वडिलांना माझा नमस्कार सांग.

डेक्कन_क्वीन_७१

स्पष्टवक्ता, रात्रभर तुमचा प्रश्न डोक्यात होता. माझं मत असं: सेंजूंचा धोका शिव्या खाण्यात नाही, दारावर चित्र काढण्यात आहे. क्योतोच्या दाइतोकुजी आवारात जुकोइन नावाचं उपमंदिर आहे. चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांची समाधी तिथे आणि दारांवर सोळाव्या शतकातल्या कानो एइतोकूची चित्रं. त्या मंदिराच्या इतो इथल्या शाखेसाठी सेंजूंनी ७७ फुसुमा रंगवल्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा उस्ताद सतत शेजारी उभा. गॅलरीत चित्र फसलं तर गोदामात जातं. तिथे मंदिरातले लोक रोज सकाळी तुमची चूक सरकवून खोलीत जाणार.

पुनरावृत्तीचा आरोप मात्र मलाही पूर्ण खोडता येत नाही. चमकणारे रंग मला स्वतःला आवडत नाहीत. लग्नाच्या हॉलची आठवण येते.

स्पष्टवक्ता_सातारा

'चूक सरकवून खोलीत जाणार' यासाठी अर्धा णिषेध मागे. चमकणाऱ्या रंगांचा अर्धा कायम.

कोपरखैरणे_लोकल

एक भाबडी शंका. नाणेघाटात पावसाळ्यात वाऱ्याने उलटा धबधबा होतो, पाणी वर जातं. सेंजूंचं चित्र उलटं टांगलं तर ते नाणेघाट होईल का?

काळाकातळ

नाही. रंगाचा ओघळ वर जाड थेंबात संपेल. गुरुत्वाकर्षण सही करून जातं, ती खोडता येत नाही.

अनवट

भूशास्त्रवाल्याला म्हणे चित्रातलं कळत नाही.

ताम्हिणीकर

मंडळी, वादावर शेवटी प्रयोगाचा उतारा काढला. अहवाल देतो.

रविवारी सकाळी जुन्या कपाटाची प्लायवुडची फळी काढली. लेकीने तिला काळा रंग दिला. शिंपले कुठून आणणार, म्हणून चुना. सरसाऐवजी डिंक. चुना गाळून, डिंकाच्या पाण्यात कालवून, गोळा शंभर वेळा आपटायचा प्रयत्न केला, पण ते खिरीसारखं होतं, आपटलं की भिंतीवर. मग फळी गॅलरीच्या कठड्याला टेकवून उभी केली आणि तिने वरून चहाच्या किटलीने सोडलं.

पहिला हात फसला. पातळ झालं होतं, सगळं एका दमात खाली. फळी पुसली. दुसऱ्यांदा घट्ट केलं तर अर्ध्यावर थांबलं, मेणबत्ती वितळल्यासारखं. तेव्हा कळलं की त्या चित्रातली एकेक धार कुठवर जाणार हे त्या माणसाने आधी ठरवलेलं असतं. मी लेकीला तसं म्हटलं: बघ, त्याने नुसता रंग सोडला नाही, धबधबा त्याच्या हातात आधीपासून होता. ती म्हणाली, हातात रंगाचा घट्टपणा होता. पुन्हा वाद.

तिसऱ्या वेळी डिंक थोडा वाढवला आणि जमलं. वरून पंधरा-वीस धारा सुटल्या, काही एकमेकींत मिसळल्या, काही मधेच विरल्या. तिने खाली ब्रशने पाणी झटकलं तर पांढरं पसरून खरंच धुकं झालं. आम्ही दोघंही एक मिनिट काही बोललो नाही.

तेवढ्यात दारावर बेल. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका. म्हणाले, 'वर काय चाललंय? पांढरं पाणी येतंय.' आणि गॅलरीत येऊन फळीकडे बघून पहिलं वाक्य: 'अरे वा! ठोसेघर का?'

मी जिंकलोच म्हणून टाळी वाजवली. लेकीने शांतपणे फळी उलटी केली आणि काकांना विचारलं, 'आता?' काकांनी मान तिरकी केली. 'आता वडाच्या पारंब्या. आमच्या वाईच्या घाटावर होता तसा.'

@काळाकातळ, तुमचे जाड थेंब वरच्या बाजूला होते, तरीही पारंब्या. भांडी तूर्त निम्मी-निम्मी.

खडूफळा

मी कुंपणावरच बरी.

सुमिदाकाठ

चुना तिखट असतो, हात धुतलेत ना नीट? आणि फळी उन्हात ठेवू नका, डिंक तडकेल.

चिंगी

सगळं वाचलं. एकच प्रश्न: पांढरं पाणी खाली कुठे गेलं?

ताम्हिणीकर

जोशीकाकांच्या दोरीवर. चार शर्ट आणि काकूंची एक काळी साडी. साडी काकूंनी परत धुवायला नको म्हटलं, दाखवायला ठेवली आहे. शर्ट माझ्याकडे भिजत घातलेत.